भोंग्याचा घरचा आवाज

सुरू झालं मेल्यांचं हॅलो हॅलो. भात घरात येऊन आठवडा नाही झाला, तोच पोरांनी देवळामागच्या शेतातले बांध सपाट केले, रोलर फिरवला, बांबू रोवून त्यांवर भोंगे चढवले. सकाळपासून नुसती फू फू आणि टकटक. मी ओटीवर मोडाचे वाल सोलत बसले आहे. कापलेल्या शेतातून धसकटांचा ओलसर वास येतोय, मंडपवाल्याच्या टेम्पोतून कापडाचे गठ्ठे उतरताहेत, आणि एका भोंग्याचं तोंड नेमकं आमच्या घराकडे आहे. दरवर्षी तसंच असतं. दरवर्षी मी ओरडते, ‘अरे, त्याचं तोंड समुद्राकडे फिरवा रे, इथं माणसं राहतात!’ यंदा ओरडले नाही.

बाजूच्या खुर्चीवर हे बसलेत. गळ्याशी पांढरं फडकं बांधलेलं, हाताशी पाण्याच्या व्हॉल्व्हची जुनी लोखंडी चावी. डोळे शेताकडे.

आमच्या किहीमच्या पट्ट्यात पावसाळा संपला की थंडी येते असं पुस्तकात असेल. आमच्याकडे क्रिकेट येतं. टेनिसच्या चेंडूचं, मोकळ्या झालेल्या भातशेतातलं, आंबे पिकेपर्यंत चालणारं. आणि आमचे हे, परशुराम, त्या क्रिकेटचे समालोचक. पोटापाण्याला पंचायतीत नोकरी, सकाळी गावाला पाणी सोडायचं, व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. पण रेवसपासून चौलपर्यंत कुणाला विचारा, पाणीवाला परशुराम कुणी ओळखणार नाही. ‘भोंगा’ म्हणा, शेंबडं पोर घरापर्यंत आणून सोडेल. लग्न होऊन आले तेव्हा विहिरीवर शेजारीण म्हणाली, ‘भोंग्याची बायको काय गो तू?’ मला वाटलं, स्थळ दाखवताना आडनाव चुकीचं सांगितलं की काय.

ह्यांचा एक नियम होता. मैदानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाचं नाव भोंग्यावरून घ्यायचं. चेंडू हवेत असो, झेल सुटत असो, नवा माणूस दिसला की आधी त्याचं स्वागत. ‘आत्ताच आगमन झालंय बंदरावरचे आपले लाडके रफिकभाई यांचं! रफिकभाई, मंडळ तुमचं आभारी हाय!’ रफिकभाई म्हणजे ह्यांचे जिवलग मित्र. पंधरा-वीस वर्षं आखातात काढून आलेले, आता मासळीचा धंदा. दर सामन्याला ह्यांच्या शेजारी बसून धावा लिहायचे, तरी त्यांचं रोज आगमन व्हायचं. एकदा शाळेतले एक सर पोटदुखीची रजा टाकून सामना बघायला आले, तर ह्यांनी त्यांचंही स्वागत केलं, वर ‘पोट बरं होवो ही देवीचरणी प्रार्थना’ म्हणाले. शाळा मैदानाला लागूनच. मुख्याध्यापकांनी वर्गात बसून ऐकलं. ते सर पुढे वर्षभर आमच्याकडे बघत नव्हते.

मी मैदानात जायचे नाही. मला त्या क्रिकेटचा मनापासून राग होता. नोव्हेंबर ते मे एक रविवार माझा नाही. माहेरची लग्नं मी एकटीनं केली. एकदाच, हे डबा घरी विसरले म्हणून मी घेऊन गेले. मी बांधावर दिसले मात्र, सवयीनं ह्यांचं सुरू झालं, ‘आणि आत्ताच मैदानात आगमन झालंय...’ आणि गाडी अडली. बायकोचं नाव उखाणा सोडून चारचौघांत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यात हे भोंग्यावर. सगळं मैदान वाट बघतंय. गोलंदाजसुद्धा थांबला. शेवटी हे म्हणाले, ‘...आगमन झालंय डब्याचं!’ माणसं लोळायची बाकी राहिली. मी डबा तिथंच बांधावर ठेवला आणि तणतणत घरी आले.

पण हा भोंगा घरी आला की त्याचा आवाज वेगळा असायचा. खाली उतरलेला, मऊ, थोडासा दमलेला. संध्याकाळी कुंपणाचं दार वाजायचं, पायातल्या चपला ओटीखाली पडायच्या आणि ह्यांची हाक यायची, ‘चाय ठेव गो, आलो.’ मी आतून म्हणायची, ‘ठेवते हो.’ बस, एवढंच. आता वाटतं, सगळा संसार आम्ही त्या दोन वाक्यांवर केला. तेव्हा असलं काही वाटायचं नाही. तेव्हा मला वाटायचं, मेली चहापत्ती संपत आलीय.

घसा बसणं ही आमच्याकडे दुखण्यात धरायची गोष्टच नव्हती. दर हंगामात संक्रांत आली की ह्यांचा घसा बसायचा. ज्येष्ठमध, खडीसाखर, आलं, रात्री हळदीचं दूध. समालोचकाचा घसा बसला नाही तर तो मन लावून बोललाच नाही, असं मंडळाची पोरंच म्हणायची. बसलेल्या आवाजाचं कौतुक व्हायचं. गेल्याच्या आदल्या हंगामात होळीपासून घोगरा झाला तो अंतिम सामन्यापर्यंत तसाच राहिला. रफिकभाई म्हणाले, ‘भाई, इस साल तो क्या आवाज लागलाय तुमचा, एकदम वजनदार!’ हे खूश. मीही ज्येष्ठमध कुटत राहिले. मग पाऊस लागला, भोंगे मंडपवाल्याच्या गोदामात गेले, शेतात लावणी झाली, बोलायला कारणच उरलं नाही, तरी आवाज सुटेना. भाकरीचा घास अडायला लागला. मग अलिबागला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि कंबरेच्या तंबाखूच्या पुडीकडे बोट दाखवलं. म्हणाले, मुंबईला जा, उशीर करू नका.

मुंबईच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. हे खुर्चीत पुढे सरकले. मग विचारलं, ‘काढा. पण नोव्हेंबरात सामने सुरू होतात, तोवर बोलता येईल ना?’ डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ‘काका, जीव वाचवायचा आहे. आवाज जाणार.’ ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी काहीतरी सांगून ते बदलून घेणार होते. मी नुसती पिशवीचा बंद गुंडाळत बसले.

आवाज घोगरा झाला त्याच हंगामात सई आमच्या घरात आली होती. दादरची पोरगी, मैत्रिणींबरोबर किहीमला कॉटेजवर उतरलेली. समुद्रावर फिरताना हिला भोंगा ऐकू आला, त्याचा माग काढत मैदानात पोचली आणि पोचल्या पोचल्या, ‘आगमन झालंय मुंबईच्या पाहुण्यांचं, डोक्यावर लाल टोपी, हातात शहाळं, मंडळ आपलं आभारी हाय!’ पोरगी जी हसायला लागली ती सामना संपेपर्यंत. ती कार्टून बनवते. ‘गुप्तहेर बोंबील’ नावाचं, विनोदी. लांब, लवलवीत, कुठंही सरळ उभा न राहणारा गुप्तहेर, त्याचे सगळे बेत फसतात. प्रत्येक भागात कुणीतरी नामांकित पाहुणा, कधी सिनेमातली नटी, कधी गायक. चित्र त्यांचं काढायचं, आवाज त्यांनी स्वतः द्यायचा. सई ओटीवर बसून म्हणाली, ‘काका, एका भागाचे पाहुणे तुम्ही.’ मी कपाळावर हात मारला. नट्यांच्या रांगेत आमचा भोंगा?

पण गोष्ट तिनं झकास रचली होती. चोरलेलं गुपित टेनिसच्या चेंडूत लपवलेलं असतं. ते शोधायला बोंबील कोकणातल्या सामन्यात लपतछपत शिरतो. आणि मंडपात बसलेला समालोचक त्याला लपूच देत नाही. तो झाडामागे गेला, की भोंग्यावरून, ‘झाडामागे आगमन झालंय गुप्तहेर बोंबील यांचं, मंडळ आपलं आभारी हाय!’ हे ऐकून आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. ह्यांच्या हसण्यात खरखर होती. तेव्हा ती आम्हाला हंगामाची वाटली.

सईचं ध्वनिमुद्रण दिवाळीनंतर ठरलं होतं. मुंबईहून परत आल्यावर हे पहिल्यांदा काय म्हणाले असतील तर ‘त्या पोरीला फोन लाव.’ मीच लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘काकू, शस्त्रक्रियेच्या आधी करू. मी सगळं पुढे ओढते.’

त्या दिवसांत आमची लेक माधवी पनवेलहून येऊन राहिली होती. ती म्हणाली, ‘आई, बाबांचं बोलणं भरून ठेवू या.’ ह्यांच्या सामन्यांच्या फिती पोरांच्या मोबाइलवर ढिगानं होत्या, पण सगळ्या भोंग्यातल्या. घरातलं बोलणं कुणी भरून ठेवतं का? कढी खारट झाली म्हणताना, सापडत नाही म्हणून चष्म्याला शिव्या घालताना कोण मोबाइल धरून बसतो? माधवीनं मोबाइल समोर धरला. ह्यांनी पाठ ताठ केली, घसा खाकरला आणि सुरू, ‘नमस्कार क्रीडारसिकहो...’

‘बाबा, मॅच नको. साधं बोला.’

‘साधं म्हणजे काय बोलू? बॅटिंगला कोण हाय?’

‘कोण नाही. आपल्याशी बोला, नेहमीसारखं.’

हे पाच-सहा वेळा तोंड उघडून गप्प झाले. बिचाऱ्यांना जमेना. मोबाइल दिसला की भोंगा सुरू व्हायचा, मोबाइल खाली ठेवला की, ‘जेवायला काय केलंस गो?’ लेक चिडली, मग रडली. मी आत जाऊन भांडी आपटली. मला ह्यांचा राग आला होता. जगाला सगळं देऊन बसलेत आणि आम्हाला ठेवायला काही नाही, असं वाटून मी जळत होते.

पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद, म्हणून वडखळवरून फिरून मुंबईला गेलो. ती ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे काचेचं कपाट होतं. बाहेर धो धो पाऊस, आत चिटपाखराचा आवाज नाही. हे आत, काचेपलीकडे, कानांवर मोठे डबे चढवलेले. मी आणि सई अलीकडे. यंत्रावर बसलेला मुलगा म्हणाला, ‘काका, आवाजाची पातळी बघायची आहे. काहीही बोला, घरी बोलता तसं.’

मी मनात म्हटलं, आता हे नमस्कार क्रीडारसिकहो म्हणणार. पण काचेतून ह्यांना मी दिसत होते.  आणि मग, हळू, मऊ, दमलेल्या आवाजात म्हणाले, ‘चाय ठेव गो, आलो.’

यंत्रावरचा मुलगा म्हणाला, ‘बरोबर आहे, सुरू करू या.’ सईनं माझा हात धरला. मग दोन तास हे तुटून पडले. मध्ये मध्ये थांबून गरम पाणी प्यायचे, रुमालात थुंकायचे, रुमालावर लाल दिसलं की पटकन घडी घालायचे. ठरवून दिलेलं संपलं तरी थांबेनात. रफिकभाईंचं आगमन झालं, पोटदुखीच्या सरांचं झालं, मंडपवाला, वडापाववाला, गेल्या साली वारलेला यष्टीरक्षक, सगळ्यांचं झालं. सईनं थांबवलं नाही.

शस्त्रक्रियेचं मी सांगत नाही. हे घरी आले तेव्हा गळ्यात भोक होतं, श्वास तिथून. खोकला तिथून. बोलायला एक यंत्र दिलं होतं, गळ्याला लावून बोलायचं. ह्यांनी एकदा लावलं, त्यातून भुंग्यासारखं काहीतरी निघालं, ते ऐकून परत खोक्यात ठेवलं. ते खोकं कपाटावर आहे. नोकरीवर दुसरा माणूस आला, तो नवी चावी वापरतो. जुनी घरीच राहिली होती. हे ती चावी ओटीच्या कठड्यावर वाजवायला लागले. एकदा वाजली की पाणी. लागोपाठ दोनदा वाजली की चहा. मी आतून म्हणायची, ‘ठेवते हो.’ खरं सांगायचं तर दर वेळी लगेच म्हणायची असं नाही. हात कामात असले की तिसऱ्या वेळेलाही म्हणायची. लोखंडाच्या आवाजाला माणूस हाकेसारखा धावत नाही.

गेल्या हंगामात तो भाग आला. माधवीनं टीव्हीला जोडून दिला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळाची पोरं, आळीतल्या बायका, पुढे रफिकभाई. हे मधोमध खुर्चीवर. पडद्यावर मिशीवाला, पोट सुटलेला, गळ्यात रुमाल घातलेला भोंगा आला आणि घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. बोंबील नारळावर चढला, विहिरीत उतरला, पंचाच्या कोटात शिरला, प्रत्येक ठिकाणी त्याचं आगमन झालं. हे हसत होते. आता ह्यांचं हसणं म्हणजे खांदे हलतात आणि फडक्याखालून वारा शीळ घालतो. रफिकभाई हसता हसता डोळे पुसत होते. ‘अल्लाकसम, वही आवाज,’ म्हणाले.

शेवटी गुपित उघडं पडतं, सामना संपतो, मंडप रिकामा होतो. समालोचक माइक बंद करायला विसरतो. चित्रातला तो जाड्या माणूस खुर्चीतून उठतो, चपला शोधतो आणि रिकाम्या मैदानावरच्या भोंग्यातून आवाज येतो, ‘चाय ठेव गो, आलो.’

‘ठेवते हो!’ मी म्हटलं. आणि उठले. गर्दीतून वाट काढत सरळ स्वयंपाकघरात.

मागे हशा आणि टाळ्या. मी चुलीशी. पातेल्यात पाणी ओतलं, साखर टाकली, आणि मग हातातला चहापत्तीचा डबा तसाच राहिला. घरचा माणूस समोर बसलेला आणि मी कार्टूनला ओ दिली होती. बाहेर येऊन बघितलं तर खुर्ची रिकामी. हे मागच्या अंगणात सुपारीला टेकून उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, ‘अहो, सवय हो.’ मान हलवली, पण वळले नाहीत.

त्या दिवसापासून ह्यांनी चहा मागितला नाही. एकदा वाजते ती चावी, पाण्यासाठी. दोनदा नाही. वेळ झाली की मी आपली करते, पुढे ठेवते, हे पितात. वर्ष झालं. मी भांडले, विनवण्या केल्या, मुद्दाम चहा उशिरा केला. हे मुकाट बसून राहायचे. राग नव्हता तो, राग असता तर मला कळला असता. हे स्वतःच्या घरात पाहुणे होऊन बसले होते.

यंदा दिवाळीत दुखणं परत निघालं, छातीत. डॉक्टर म्हणाले, आता कापाकापी नको, घरी ठेवा. पुढच्या भातकापणीबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

आज सकाळी मंडळाचा नीलेश आला. पायातला बूट काढून उंबऱ्याशी उभा. म्हणाला, ‘काकी, उद्घाटनाला नवा पोरगा बोलनार हाय. पन त्याच्या आधी दादांचा कार्टूनमधला आवाज लावायचा हाय. दादा नको म्हनले तर न्हाय लावनार.’ मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली, लाव. नीलेश म्हणाला, ‘दादा, तुम्ही या ना मंडपात.’ त्याला मात्र नाही.

हे सांगायला लागले तेव्हा वाल सोलून व्हायचे होते. आता दिवेलागणीची वेळ झाली आहे आणि मधल्या वेळात जे झालं ते सांगून टाकते.

ऊन उतरल्यावर नारळ फुटला, फटाके वाजले आणि भोंग्यातून ह्यांचा आवाज आला. आमच्या घराकडे तोंड केलेल्या भोंग्यातून. ओटीवरची भांडी थरथरली. ‘आगमन झालंय गुप्तहेर बोंबील यांचं!’ मैदान हसलं. मी परातीतल्या वालांत हात खुपसून बसले. पुढचं मला पाठ होतं. शेवट जवळ आला तसे माझे गुडघे आपोआप उचलायला लागले, तर मी मांडी घट्ट घातली.

‘चाय ठेव गो, आलो.’

घरातला तो आवाज एवढा मोठा होऊन शेतावरून, सुपाऱ्यांवरून, पार समुद्राकडे गेला. मैदानात कुणी हसलं नाही या वेळी. मी उठले नाही. ह्यांच्याकडे वळून मोठ्यानं म्हटलं, ‘बोंबलू दे त्याला. तो चित्रातला आहे. माझा माणूस सांगेल तेव्हा ठेवीन. नाही सांगितलं तर आज या घरात चहा नाही.’

 मैदानात नवा पोरगा सुरू झाला, अडखळत, नावं चुकवत. पहिलं षटक गेलं, दुसरं गेलं. चहाची वेळ टळली. ह्यांचा श्वास फडक्यातून सूं सूं करत होता. मी वाल सोलत होते, सोललेलेच पुन्हा चिवडत होते, आणि मनात देवीला म्हणत होते, आई, आवाज नेलास तो ने, एवढं तरी ठेव.

कठड्यावर चावी वाजली. एकदा. मी तांब्याकडे हात नेला.

पुन्हा वाजली.

‘ठेवते हो!’ मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की मैदानात भोंग्यावरचा पोरगा बोलता बोलता थांबला.